पाटीवरची पदवी आणि पलंगाशेजारचा डॉक्टर

धार किंवा देवासमध्ये घरातलं माणूस अचानक आजारी पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंदूरला न्यायचं का? देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. शेजारचा मुलगा गाडी काढतो, पुण्याहून मुलीचा फोन चालू असतो आणि दहा मिनिटांत निर्णय होतो. त्या घाईत एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. आत्ता इथे समोर जो डॉक्टर उभा आहे त्याचं शिक्षण काय झालंय आणि या आजारापुरतं ते पुरेसं आहे का? इंदूरला जायचं की थांबायचं, हे खरं तर याच उत्तरावर ठरायला हवं.

न विचारण्याचं कारण संकोच. पवारांच्या धारमध्ये काय किंवा देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीत काय, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत ‘डॉक्टरसाहेब’ म्हणजे घरातलंच वडीलधारं माणूस. त्यांना शिक्षण विचारायचं म्हणजे त्यांच्यावर शंका घ्यायची, असं वाटतं. मला हे पटत नाही. ज्याने आयुष्याची आठ-दहा वर्षं अभ्यासात घातली आहेत, तो आपण काय शिकलो हे आनंदाने सांगतो. आणि जो सांगायला टाळतो, त्याच्याबाबत तर विचारायलाच हवं. त्यासाठी पदव्यांचा अर्थ थोडा आपल्यालाही कळला पाहिजे.

पाया एमबीबीएसचा. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, मिळून साडेपाच वर्षं. आधी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. मग विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र. त्यानंतर न्यायवैद्यक, सामाजिक वैद्यक, डोळे, कान-नाक-घसा. आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती, बालरोग. इंटर्नशिपच्या वर्षात तो विद्यार्थी या विभागांतून फिरतो, टाके घालतो, बाळंतपणं करवतो, रात्रपाळ्या करतो. तोवर त्याच्याकडे तात्पुरती नोंदणी असते आणि वरिष्ठांच्या देखरेखीखालीच त्याने काम करायचं असतं. वर्ष पुरं झालं की मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी मिळते. असा डॉक्टर ताप, जुलाब, रक्तदाब, साधा मधुमेह, जखमा हे सगळं सांभाळतो, सर्पदंशाचे पहिले उपचार करतो आणि कुठला रुग्ण आपल्या हाताबाहेरचा आहे हे ओळखतो. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. वेळेवर ‘यांना पुढे न्या’ म्हणणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरने आपल्या भागात जेवढी माणसं वाचवली असतील, त्यांचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

या भागातल्या कितीतरी जुन्या डॉक्टरांचं शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात झालं. १८७८ साली तिथे मेडिकल स्कूल सुरू झालं, पुढे ते किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखलं गेलं आणि १९४८ साली त्याचं महाविद्यालय झालं. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपलं एमवाय, त्याला जोडलेलं आहे. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचताना काही जण गोंधळतात, म्हणून एक सांगून ठेवते. एकाच महाविद्यालयातून शिकलेल्या तीन पिढ्यांच्या प्रमाणपत्रांवर विद्यापीठाचं नाव वेगवेगळं असू शकतं. कुणाचं इंदूर विद्यापीठ, कुणाचं देवी अहिल्या विद्यापीठ, आणि अलीकडच्यांचं जबलपूरचं मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठ, कारण २०११ साली राज्याने वैद्यकीय शिक्षणासाठी वेगळं विद्यापीठ काढलं. नाव निराळं दिसलं म्हणून संशय घेऊ नये. आता महाविद्यालयंही वाढली आहेत. उज्जैनला आर. डी. गार्डी, इंदूरला अरविंदो आणि इंडेक्स, रतलामला सरकारी, आणि खुद्द देवास जिल्ह्यात उज्जैन रस्त्यावर बांगरला अमलतास. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांनी नाकं मुरडली. हिंदीतून समजून घेतलेलं हृदय काही वेगळं चालत नाही. अभ्यासक्रम तोच आहे.

आता एमडी. लोकांच्या तोंडी ‘एमडी डॉक्टर’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यापुढचा कंस कुणी वाचतच नाही. आणि खरी माहिती त्या कंसातच असते. एमडी मेडिसिनची असते, बालरोगाची असते, भूलशास्त्राची, पॅथॉलॉजीची, क्ष-किरणशास्त्राची, औषधशास्त्राची आणि सामाजिक वैद्यकाचीही असते. प्रत्येक पदवी तीन वर्षांची आणि कष्टाची. पण वडिलांना न्यूमोनिया झाला असेल तर पॅथॉलॉजीतला एमडी त्यांच्या थुंकीची तपासणी उत्तम करेल, त्यांचा उपचार मेडिसिनच्या किंवा छातीरोगाच्या एमडीनेच करायला हवा. ज्याला आपण फिजिशियन म्हणतो तो एमडी मेडिसिन. मोठ्या माणसांचा ताप, साखर, रक्तदाब, किडनी, यकृत, मेंदू, हृदय या सगळ्यांचा पहिला जाणकार तोच.

ही तीन वर्षं नेमकी कशात जातात, हे एका उदाहरणाने दाखवते. सोयाबीनवर फवारायचं औषध पोटात गेलेला एखादा शेतकरी मध्यरात्री वॉर्डात येतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, अंग घामाने चिंब. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर त्याला अ‍ॅट्रोपिन सुरू करतो आणि तिथेच उभा राहतो. दर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावायचा, नाडी मोजायची, घाम आटला का ते पाहायचं आणि मात्रा वाढवायची. छाती कोरडी होईपर्यंत हे चालू ठेवायचं. कमी पडलं तर रुग्ण स्वतःच्याच स्रावात गुदमरतो, जास्त झालं तर तो भ्रमिष्टासारखा बडबडतो, नाडी धावायला लागते. किती पुरे, हे पुस्तकातल्या एका आकड्यावरून ठरत नाही. ते रुग्णाच्या छातीवरून ठरतं. सकाळी वरिष्ठ येतात आणि रात्रीतल्या प्रत्येक मात्रेचं कारण विचारतात. तीन वर्षं हे असंच चालतं. शिवाय प्रबंध लिहायचा असतो, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि त्यात बाहेरून आलेले परीक्षक रुग्णाच्या पलंगाशी उभं करून प्रश्न विचारतात. एमडी मेडिसिन या दोन शब्दांमागे अशा शेकडो रात्री असतात. म्हणूनच ती पदवी नसताना ती लावणं किंवा असल्याचं भासवणं मला अक्षम्य वाटतं.

डीएनबी लिहिलेलं दिसलं तर कमी समजू नका. १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ती पदवी आहे. तीन वर्षं मान्यताप्राप्त रुग्णालयात काम करून देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते आणि तिला एमडी-एमएसच्या (एमएस ही शस्त्रक्रियेच्या विषयांतली तशीच पदवी) बरोबरीची मान्यता आहे. डीसीएच, डीजीओ, डीए, डी-ऑर्थो ही दोन वर्षांच्या पदविकांची नावं. डीसीएच बालरोगाची, डीजीओ स्त्रीरोग-प्रसूतीची, डीए भुलेची, डी-ऑर्थो हाडांची. आता यांतल्या बहुतेक जागा पदवीत बदलल्या गेल्या आहेत, पण आज पन्नाशी-साठी ओलांडलेले कितीतरी उत्तम डॉक्टर पदविकाधारक आहेत. क्षयाच्या पदविकाही अशाच जुन्या पाट्यांवर दिसतात. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने खंगून देवासला आले ते इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. औषध म्हणून तेव्हा हवाच सांगितली जाई. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं आणि ते बरे होऊन पुन्हा गाऊ लागले. आज त्याच आजारासाठी रेस्पिरेटरी मेडिसिनचा एमडी आहे, थुंकीच्या तपासणीतूनच औषधाला दाद न देणारा क्षय ओळखणारी यंत्रं आहेत आणि सरकारी केंद्रांत उपचार मोफत आहेत. हवा बदलायला कुणाला कुठे न्यायची गरज उरलेली नाही.

परदेशी पदव्यांबाबत मात्र जागरूक राहा. रशियात आणि आसपासच्या देशांत पहिल्या वैद्यकीय पदवीलाच एमडी म्हणण्याची पद्धत आहे. ती आपल्या एमबीबीएसच्या बरोबरीची आहे, पदव्युत्तर नाही. असे पदवीधर २००२ पासून भारतात एक चाळणी परीक्षा देतात. ३०० गुणांपैकी १५० मिळाले तरच नोंदणीचा मार्ग मोकळा होतो. जे पार होतात ते रीतसर डॉक्टर आहेत, त्यांच्याविषयी मनात अढी नको. पण पाटीवर नुसतं ‘एमडी’ आणि खाली देशाचं नाव असेल, तर ‘डॉक्टर, मेडिसिनमध्ये एमडी इकडे केलंत का?’ एवढं विचारायला हरकत नाही. लंडनच्या एमआरसीपीसारखी अक्षरंही दिसतात. ती परीक्षा अवघड आहे यात शंका नाही. पण तिथेही विशेषज्ञ व्हायला त्यापुढे कित्येक वर्षांचं प्रशिक्षण लागतं. म्हणून अक्षरांबरोबरच प्रशिक्षण कुठे आणि किती वर्षं झालं, तेही विचारावं.

एमडी किंवा एमएस झाल्यावर आणखी तीन वर्षं शिकलं की डीएम किंवा एमसीएच. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग अशा एकेका अवयवाचे किंवा आजाराचे हे तज्ज्ञ. अठराव्या वर्षी महाविद्यालयात गेलेला मुलगा कुठेही न अडता डीएम कार्डिओलॉजी होतो तेव्हा तिशीला आलेला असतो. साहजिकच असे डॉक्टर इंदूरसारख्या शहरात एकवटलेले असतात. पण म्हणून छातीत दुखलं की सरळ इंदूरची वाट धरावी, असं नाही, आणि इथे फार नुकसान होतं. हृदयाची रक्तवाहिनी अडली असेल तर प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं, ही जगभर मान्य झालेली रीत आहे. धारचा एमडी मेडिसिन ईसीजी पाहून हा निर्णय घेऊ शकतो, इंजेक्शन देऊ शकतो, आणि मग रुग्णाला अ‍ॅम्ब्युलन्समधून पुढे पाठवू शकतो. घाटाबिल्लोदच्या वाहतुकीत अडकलेल्या खासगी गाडीत यातलं काहीच होणार नाही. पक्षाघाताचंही तसंच, पण तिथे आधी सीटी स्कॅन लागतो आणि लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची मुदत असते. म्हणून पक्षाघातात पहिला प्रश्न ‘सीटी इथे होईल का आणि तो पाहून निर्णय घेणारा फिजिशियन आहे का?’ हा. दोन्ही नसेल तर एक मिनिटही न दवडता निघा. आणि तोंड कधी वाकडं झालं, हात कधी लुळा पडला, ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्या.

हृदयाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘क्लिनिकल कार्डिओलॉजी’ची पदविका, वेगवेगळ्या संघटनांच्या फेलोशिप, सदस्यत्वाची अक्षरं हे सगळं पाटीवर डीएमच्या शेजारी मांडलं की सारखंच वजनदार दिसतं. ते सारखं नाही. हृदयात तार घालणाऱ्याला ‘डीएम किंवा डॉक्टरेट ऑफ नॅशनल बोर्ड कुठून केलंत?’ हे विचारलंच पाहिजे. आपल्याच राज्यात दमोहला २०२५ साली उघडकीस आलेलं प्रकरण आठवा. परदेशात शिकलेला हृदयरोगतज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका माणसाने एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी केल्याचे, आणि त्यानंतर रुग्ण दगावल्याचे आरोप झाले. त्याची कागदपत्रं खोटी असल्याचा आरोप आहे आणि त्याला अटक झाली. त्या रुग्णांच्या नातलगांनी कुणाला काही विचारलं नसेल तर दोष त्यांचा नाही. कागद तपासायची पहिली जबाबदारी रुग्णालयाची आहे. तरीही कौन्सिलच्या यादीत एक नाव शोधायला पाच मिनिटं लागतात, ही गोष्ट त्या प्रकरणानंतर प्रत्येक घराला ठाऊक व्हायला हवी होती.

खासगी रुग्णालयात पाटीवर चार-पाच तज्ज्ञांची नावं असतात. ते सकाळी येतात, संध्याकाळी येतात. रात्री दोन वाजता ज्याला परिचारिका उठवते तो ड्यूटी डॉक्टर वेगळा असतो, आणि आजार बिघडतो तो बहुतेकदा रात्रीच. लहान शहरांत हा ड्यूटी डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो. या पदव्याही साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिपच्या आहेत, आणि आपल्या शास्त्रात ते शिकलेले आहेत. पण ठिबकातून जाणाऱ्या औषधांची मात्रा, श्वास अडला तर नळी घालणं, रक्तदाब कोसळला तर काय सुरू करायचं, हे त्यांच्या मूळ अभ्यासक्रमाचं केंद्र नाही. मुंबईतल्या एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला, त्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट सांगितलं की ज्या पद्धतीचं शिक्षण घेतलेलं नाही तिने उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे. त्यानंतर राज्याराज्यांनी आपापले नियम केले, महाराष्ट्रात होमिओपॅथसाठी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आला, वाद अजून चालू आहेत. आयुर्वेदात शल्यतंत्र किंवा शालाक्यतंत्र (डोळे, कान-नाक-घसा) या विषयात एमएस झालेल्यांना कुठल्या शस्त्रक्रिया करता येतील याची ५८ नावांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये निघाली. मूळव्याध-भगंदरावर क्षारसूत्र करणारा आयुर्वेदाचा शल्यचिकित्सक त्या कामात वाकबगार असतो, हे मीही मानते. माझं म्हणणं एवढंच आहे की रुग्णाला ते आधी सांगितलं जावं. भरती करताना काउंटरवर शांतपणे विचारा: ‘रात्री ड्यूटीवर कोण असतं? त्यांचं शिक्षण काय? साहेबांना फोन लावला तर ते किती वेळात पोचतात?’ अतिदक्षता विभागात माणूस ठेवणार असाल तर हे तीन प्रश्न खोलीच्या भाड्याच्या आधी विचारावेत.

पाटीवरच्या बाकी अक्षरांबद्दल थोडक्यात. सीसीएच, सीजीओ ही लहान मुदतीची प्रमाणपत्रं आहेत. डीसीएच आणि डीजीओशी त्यांचं नाव मिळतंजुळतं असलं तरी त्यांना विशेषज्ञाची पदवी समजू नये. इलेक्ट्रो-होमिओपॅथी आणि ‘अल्टरनेटिव्ह मेडिसिन’च्या एमडीला आधुनिक वैद्यकाची मान्यता नाही. बीपीटी झालेले फिजिओथेरपिस्ट गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला पायावर उभं करतात, पण ताप आला तर औषध त्यांनी लिहायचं नाही. आणि कुक्षी, मनावर, गंधवानी, बागली, खातेगावकडे ज्यांना लोक ‘झोलाछाप’ किंवा ‘बंगाली डॉक्टर’ म्हणतात, ते गावोगाव आहेत. माणूस बंगालचा असतोच असं नाही, आणि पदवी तर नसतेच. गावात दुसरं कुणी नसतं म्हणून लोक त्यांच्याकडे जातात, हे मला समजतं. पण प्रत्येक तापाला सलाईन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन यामुळे दोन दिवस बरं वाटतं आणि आजार आत वाढत राहतो. नोंदणीशिवाय आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केल्यास राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शेतावर काम करणारी, घरी धुणं-भांडी करायला येणारी माणसं त्यांच्याकडे जात असतील तर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता आपण द्यायला हवा. तिथे उपकेंद्रावर जो सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) भेटतो तो बहुधा परिचारिका किंवा आयुर्वेद पदवीधर असतो आणि त्याने सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. तो डॉक्टरची जागा भरून काढत नाही, पण साखर-रक्तदाब तपासून योग्य ठिकाणी पाठवतो.

आता नोंदणी कशी तपासायची. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर दाखवायचा असतो. आयोगाने २०२३ मध्ये नवे नियम आणले होते, पण ते लगेच स्थगित झाले, त्यामुळे जुनेच लागू आहेत. तो क्रमांक घेऊन राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या संकेतस्थळावरच्या भारतीय वैद्यकीय नोंदवहीत शोधा. नाव, राज्याची कौन्सिल, नोंदणीचं वर्ष, पदवी आणि विद्यापीठ दिसतं. आपल्या बाजूचे डॉक्टर मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलच्या यादीत सापडतात. फार वयस्क डॉक्टर असतील तर जुन्या महाकौशल किंवा भोपाळ कौन्सिलच्या नावाखाली पाहा. ती नावं यादीत वेगळी ठेवलेली आहेत. नागपूर-पुण्याहून आलेल्यांची पहिली नोंद महाराष्ट्राची असू शकते. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमुळे कधी कधी काहीच सापडत नाही, म्हणून नावाऐवजी क्रमांकाने शोधणं बरं. एमबीबीएस दिसलं पण एमडी दिसलं नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नका. पुढच्या पदवीची नोंद वेगळी करावी लागते आणि ती कधी कधी उशिरा चढते. अशा वेळी डॉक्टरांनाच विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये आधारशी जोडलेली नवी राष्ट्रीय नोंदवहीही सुरू झाली आहे. बीएएमएस आणि बीएचएमएस यांच्या नोंदी यात मिळणार नाहीत, त्यांच्या परिषदा वेगळ्या.

रुग्णालयाची नोंदणी ही आणखी वेगळी बाब. मध्य प्रदेशात त्यासाठी १९७३ चा उपचर्यागृह कायदा आहे आणि जिल्ह्यात हे काम सीएमएचओच्या, म्हणजे मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे असतं. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. तक्रार करायची झाली तर रुग्णालयाची सीएमएचओकडे आणि डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे. ‘आयुष्मान’ योजनेचा फलक पाहून भरती होणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की रुग्णालय योजनेत असलं तरी ते ठरावीक विभागांपुरतंच असू शकतं. हाडांसाठी मान्यता असलेल्या ठिकाणी हृदयासाठी कार्ड चालेलच असं नाही.

आपल्या राज्यात डॉक्टरांच्या शिक्षणाचा विषय निघाला की व्यापमंचा प्रवेश परीक्षा घोटाळा निघतोच. जुलै २०१३ मध्ये प्री-मेडिकल परीक्षेच्या तोंडावर इंदूरच्या हॉटेलांतून तोतये परीक्षार्थी पकडले गेले आणि प्रकरण फुटलं. २००८ ते २०१२ या काळातल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द करण्याच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर काही काळ त्या वर्षांतल्या प्रत्येक तरुण डॉक्टरकडे लोक संशयाने पाहू लागले. हा अन्याय होता. त्याच वर्षांत त्याच बाकांवर हजारो मुलं स्वतःच्या कष्टाने बसली होती आणि आज त्यांतलीच कितीतरी आपल्या जिल्हा रुग्णालयांत रात्रपाळ्या करत आहेत. म्हणूनच मी नोंदवही पाहायला सांगते. ऐकीव गोष्टींवर कुणाला तोलू नये, नोंद पाहावी.

सरकारी रुग्णालयात पर्ची काढली की कुठल्या खोलीत कोण बसतं हे भिंतीवर लिहिलेलं असतं, पण पदव्या लिहिलेल्या असतातच असं नाही. तिथे पीजीएमओ म्हणजे पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेला वैद्यकीय अधिकारी; नुसता मेडिकल ऑफिसर म्हणजे बहुधा एमबीबीएस. साखरेमुळे किडनीवर परिणाम झाला असेल, झटके येत असतील, तर मेडिसिनच्या पीजीएमओची खोली विचारून घ्या. अलीकडे वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. धार-देवासला वॉर्डात एखादा तरुण, बारकाईने विचारपूस करणारा डॉक्टर दिसला आणि ‘मी तिकडे महाविद्यालयात आहे, इथे थोडे दिवस आलोय’ म्हणाला, तर त्याला शिकाऊ समजून टाळू नका. तो आधीच एमबीबीएस झालेला असतो, आणि त्याच्याकडे वेळही जास्त असतो. त्याला सगळं सांगा, जुनी कागदपत्रं दाखवा.

पदवी म्हणजे सगळं काही, असं मी म्हणत नाही. एखादी शस्त्रक्रिया किंवा तपासणी त्या हातांनी याआधी किती वेळा केली आहे, हेही विचारावं. ‘महिन्याला अशा किती केसेस होतात?’ हा प्रश्न दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, सांधा बदलणं यांना हमखास लागू आहे. आणि तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी जुना घरचा एमबीबीएस डॉक्टर सोडू नका. वीस वर्षांची साखर, आईची अ‍ॅलर्जी, पेनिसिलिनने एकदा आलेली रिअ‍ॅक्शन हे त्यालाच ठाऊक असतं. इंदूरला जाण्याआधी त्याला फोन करून चिठ्ठी घ्या. तिथल्या तज्ज्ञाचा अर्धा तास वाचतो.

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या मुलांना एक विनंती. आईवडिलांकडे आलात की एक संध्याकाळ या कामाला द्या. जवळचा एमडी मेडिसिन कोण, कोणत्या रुग्णालयात रात्री कोण असतं, सीटी स्कॅन कुठे होतो, १०८ व्यतिरिक्त अ‍ॅम्ब्युलन्स कोणाकडे आहे, हे स्वतः जाऊन विचारा आणि मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा. बाबांच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे, ईसीजीचे फोटो एका ठिकाणी ठेवा. आजवरच्या प्रत्येक डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यातच सापडतो.

डिस्चार्ज घेताना कार्डावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. नुसती सही आणि रुग्णालयाचा शिक्का असेल तर नाव घालून मागा. सगळी केस फाइल हवी असेल तर लेखी अर्ज करा. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा २००२ च्या आचारसंहितेतलाच नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्या, कारण ते ७२ तास तिथून मोजले जातात.